एका पाकिटातल्या गोळ्या तिघांना कशा चालतील?

पत्र: डॉक्टर बाई, नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका खेड्यातली, वय ४८. तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. वर्षभरात चार वेळा उन्हाळी लागली. लघवीला बसलं की आग होते, परत परत जावंसं वाटतं आणि येते थेंबभर. मेडिकलमधून गोळ्या आणते, दोन दिवसांत बरं वाटतं, मग उरलेल्या डब्यात ठेवते. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, वय ६३. त्यांना रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं, धार बारीक झालीय. त्यांना त्याच गोळ्या दिल्या, काही फरक नाही. आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, शुगर आहे, वय ७५. खोकलं की त्यांचं लुगडं ओलं होतं. त्यांच्या लघवीच्या रिपोर्टात पू आला म्हणून त्यांनाही त्याच गोळ्या दिल्या. त्यांचं अंगही बाहेर येतं, पण कुणाला सांगू देत नाहीत. दिराला मुतखडा आहे, तो हुलग्याचं पाणी पितो. मार्गशीर्षात आम्हाला सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जायचंय. बसच्या प्रवासात काय करू? माझं नाव छापू नका.

उत्तर:

ताई, नाव छापत नाही. पण तो डब्यातला साठा आज काढून टाका.

तुमच्या घरात तक्रार सगळ्यांची लघवीचीच आहे, आजार मात्र प्रत्येकाचा वेगळा. तुमचा बहुतेक जंतुसंसर्ग आहे. मालकांचं वय आणि बारीक धार बघता प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीकडे बोट जातं. आत्तींच्या ओटीपोटाखालचा स्नायूंचा आधार सैल पडलाय, म्हणून गर्भाशय खाली उतरतं, त्यालाच अंग बाहेर येणं म्हणतात. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या अँटिबायोटिक असणार. त्या जंतू मारतात, तेवढंच त्यांचं काम. त्यांनी प्रोस्टेट लहान होत नाही आणि बाहेर आलेलं अंग आत जात नाही. पत्र वाचून निदान करता येत नाही, अंदाज करता येतो. तो सांगते, आणि दवाखान्यात कोणापुढे काय बोलायचं तेही सांगते.

आधी तुमचं. बाईच्या मूत्राशयापासून बाहेरपर्यंतची नळी जेमतेम ४ सेंटिमीटरची असते, पुरुषाची साधारण २० सेंटिमीटरची. शौचाची जागाही जवळ. आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जंतू तेवढं अंतर सहज चढतो, आणि बायकांच्या मूत्रसंसर्गात बहुतेक वेळा तोच सापडतो. त्यामुळे तुम्ही अस्वच्छ आहात असं कुणी सुचवलं तर ऐकून घेऊ नका. दिवसातून तीन वेळा साबणाने आतून धुणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, त्यांनाही होतं. उलट आतून साबण लावल्याने तिथले उपयोगी जंतू मरतात आणि त्रास वाढतो. साधं पाणी पुरतं, आणि शौचानंतर हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं की त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. तुमचं चारदा झालंय, म्हणजे आता अंदाजाने गोळी घ्यायचे दिवस संपले. लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची तपासणी, करायला हवं, आणि तेही गोळी पोटात जायच्या आधी. दोन गोळ्या घेऊन मग बाटली दिली तर जंतू उगवतच नाहीत, रिपोर्ट कोरा येतो आणि त्रास तसाच. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या; घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली कितीही विसळली तरी चालत नाही. जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत धरायची, शेवटची पुन्हा सोडायची. तासा-दोन तासांत डबी लॅबमध्ये पोचवा. नाहीच जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वाटेतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवतो. निकालाला दोन-तीन दिवस लागतात. आग फार असेल तर डॉक्टर तोवर थांबत नाहीत, डबी घेऊन औषध सुरू करतात आणि रिपोर्ट बघून गरज पडली तर बदलतात. त्या कागदावर औषधांच्या नावांपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेलं असतं. ‘एस’ म्हणजे औषध लागू पडेल, ‘आर’ म्हणजे जंतू दाद देणार नाही. हा कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी कुठल्याही डॉक्टरला फार उपयोगाचा असतो.

तुमच्याकडचं पाकीट उलटून बघा. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ आहे का? नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही मेडिकलच्या काउंटरवरून सर्रास मिळणारी मंडळी. आपल्याकडे ती इतकी वापरली गेली आहेत की पुष्कळ ई. कोलाय त्यांना आता जुमानत नाहीत. शिवाय ती निरुपद्रवी नाहीत. साठीच्या पुढे टाचेवरची शीर दुखावू शकते, आणि शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांची साखर अचानक घसरू शकते. तुमच्या घरात ६३ चे मालक आहेत आणि शुगर असलेल्या ७५ च्या आत्ती आहेत. डबा रिकामा करायला का सांगितलं ते यावरून कळेल.

साध्या, ताप नसलेल्या मूत्राशयाच्या संसर्गाला हल्ली नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस देतात, किंवा फॉस्फोमायसिनची एकच पुडी पाण्यात घालून. पहिलं जेवणानंतर घ्यायचं. त्याने लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं कारण नाही. मूत्रपिंडाचं काम मंद असेल तर ते देत नाहीत, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. पाच दिवस सांगितले तर पाच दिवस. तुमच्यासारखं दोन दिवसांत थांबलं की आग विझते पण जंतू पुरते मरत नाहीत, आणि महिन्याभराने परत डोकं वर काढतात. चौथ्या खेपेचं मूळ तिथे असू शकतं. आणि जळजळीवर मेडिकलमध्ये देतात ते गुलाबी सिरप? त्याने लघवीची आंबटता कमी होऊन जळजळ जरा निवते, जंतू मरत नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइनला तर आंबट लघवीच मानवते, त्यामुळे दोन्ही एकदम चालू करू नका, डॉक्टरांना विचारा.

कल्चरबरोबर शुगर तपासून घ्या आणि एकदा पोटाचं स्कॅनिंग (सोनोग्राफी) करा. खडा आहे का, लघवी केल्यावर आत किती उरते, एवढं तरी कळेल. पाळीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही. ती बंद झाली असेल किंवा मागेपुढे होत असेल तर हेही डॉक्टरांना सांगा. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, जंतूंना रान मोकळं मिळतं. पाळी गेलेल्या बायकांना योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम देतात आणि त्याने वारंवार होणारे संसर्ग कमी होतात. हार्मोन म्हटलं की बायका घाबरतात, पण ह्या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असेल तर मात्र आधी सांगायचं.

आता वखारीची गोष्ट. तुम्ही ती लिहिली नाहीत, पण निपाणीकडच्या बायका माझ्यापुढे बसल्या की मी हा प्रश्न हमखास विचारते: कामावर असताना लघवीला कुठे जाता? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं, “जातच नाही की हो. पाणीच पीत नाही, म्हणजे जावं लागत नाही.” सकाळी घर सोडल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत मूत्राशयात तीच लघवी साठून राहते आणि जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो. पाण्याचा फायदा तपासूनही बघितलेला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोजच्यापेक्षा दीड लिटर जास्त पाणी प्यायला लावलं. वर्षभरात त्यांचे संसर्ग इतरांच्या जवळजवळ निम्म्यावर आले. त्या सगळ्या पाळी चालू असलेल्या बायका होत्या, तरी पाणी तुम्हालाही लागू आहे.

पण नुसतं “पाणी प्या” म्हणून मी सुटत नाही. प्यायलं तर जायचं कुठे? कामाच्या ठिकाणी बायकांना वेगळं, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह देणं ही वखारीच्या मालकाची कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधून मजुरीसाठी लढा दिला, हे तुमच्या वखारीतल्या जुन्या बायकांना विचारा, सांगतील. एकटीने बोलायला जड जातं, दहाजणी मिळून बोला. तोवर निदान दुपारच्या सुट्टीत जायचंच, मग जवळच्या कुणाच्या घरी का होईना.

थंडी वाजून ताप आला, पाठीत एका बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडात चढलाय असं धरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे पाच दिवसांच्या गोळ्यांवर भागत नाही, कधी सलाईनमधून औषध द्यावं लागतं आणि उपचार आठवडा-दोन आठवडे चालतो.

मालकांकडे येते. पन्नाशीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढायला लागते. ती मूत्राशयाच्या तोंडाशीच नळीभोवती असल्यामुळे धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब गळत राहतात, आत लघवी उरते आणि रात्री झोपमोड होते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण दोन्हींची लक्षणं एकसारखी असू शकतात, म्हणून डॉक्टर बोटाने तपासतात आणि पीएसए नावाची रक्ताची चाचणी करतात. बोटाने तपासायला पुरुष फार लाजतात. अर्ध्या मिनिटाचं काम असतं, तुम्ही दम देऊन पाठवा. त्यांचीही शुगर बघा, कारण रात्री वारंवार उठण्यामागे कधी कधी तीच असते.

औषधं दोन जातीची. टॅमसुलोसिनसारखी गोळी तिथले स्नायू सैल करते आणि काही दिवसांतच धार सुधारते. सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री घ्यायची आणि अंथरुणातून सावकाश उठायचं. दुसरी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ग्रंथी हळूहळू लहान करते, तिला सहा महिने द्यावे लागतात. महिन्याभरात “काही उपयोग नाही” म्हणून बंद करणारेच जास्त, त्यांना काय म्हणावं? औषधांनी भागलं नाही तर दुर्बिणीने नळीच्या वाटेनेच वाढलेला भाग काढतात, पोट फाडावं लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा बंद केला तरी एखादी फेरी वाचते.

एक प्रश्न मी तुम्हालाच विचारते. मालक बिडी ओढतात का? ओढत असतील आणि लघवीतून कधी रक्त गेलं, दुखलं नाही, एकदाच गेलं, परत गेलं नाही, तरी ते सोडून द्यायचं नाही. मूत्राशयाच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे, आणि त्याची पहिली खूण पुष्कळदा हेच न दुखणारं रक्त असते. रक्त थांबलं म्हणून आजार गेला असं होत नाही. मूत्राशयात दुर्बीण घालून बघावंच लागतं. लवकर सापडला तर दुर्बिणीनेच खरवडून काढता येतो. तंबाखूवर ज्या गावाची चूल पेटते तिथे हे बोलणं जड जातं, मला कळतं.

आत्तींच्या रिपोर्टातल्या पुवाचं आधी मिटवू. उतारवयात, विशेषतः शुगर असणाऱ्या बायकांच्या लघवीत जंतू आणि पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, सापडतात आणि त्यांना काडीचाही त्रास नसतो. आग नाही, ताप नाही, तर अशा रिपोर्टाला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण, एवढेच मुख्य अपवाद. रिपोर्ट बघून गोळी लिहून देणारे आमच्यातही आहेत, नुसता मेडिकलवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या शुगरच्या गोळ्यांची नावं मात्र वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही असेल तर ती औषधं साखर लघवीतून बाहेर काढतात, आणि त्यामुळे तिथे बुरशीची खाज सुटू शकते. खाज असेल तर डॉक्टरांना सांगायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

खोकल्यावर लघवी सुटणं आणि अंग बाहेर येणं या दोन्हींचं मूळ एकच, बाळंतपणं आणि वर्षानुवर्षं उचललेली ओझी. आत्तींना सांगा, त्यांच्या वयाच्या किती बायकांना हे असतं ते कळलं तर त्यांची निम्मी लाज जाईल. उपाय आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, मनात पाच-सहा अंक मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे. असं एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. हे बसून, झोपून, भाकरी थापतानाही जमतं. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करायचा नाही. खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर इलाज करा, कुंथण्याने अंग आणखी उतरतं.

अंग बाहेरच राहत असेल तर व्यायामाने भागणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ योनिमार्गात सिलिकॉनची एक रिंग बसवतात, तिला पेसरी म्हणतात. भूल नाही, टाके नाहीत, बसवून त्याच दिवशी घरी. ठरावीक महिन्यांनी ती काढून धुवावी लागते. शस्त्रक्रियाही होते, पण ७५ व्या वर्षी शुगरसकट ती करायची की नाही हे तपासून ठरतं. बाहेर आलेल्या भागाला लुगडं घासून जखम झाली असेल, रक्त जात असेल किंवा लघवीच अडली असेल तर मात्र वाट बघू नका. त्या स्वतः बोलणार नसतील तर तुम्ही आत जाऊन डॉक्टर बाईंना सांगा, त्यांना बाहेर बसू दे.

दिराचं थोडक्यात. हुलग्याचं माडगं, कढण खुशाल प्यावं, अन्न म्हणून चांगलंच आहे. ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुधा आपोआप पडतो आणि श्रेय हुलग्याला जातं. १० च्या पुढचा सहसा पडत नाही, तो लेझरने किंवा बाहेरून लहरींच्या माऱ्याने फोडतात, फार मोठा असेल तर पाठीतून छिद्र पाडून काढतात. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं समजू नये. नळीत अडकून बसलेला खडा न दुखता मूत्रपिंड निकामी करू शकतो, म्हणून परत स्कॅनिंग हवं. खडा आणि ताप एकत्र आले तर रात्री-अपरात्री निघायचं. दूध बंद करू नका, मीठ कमी करा आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या.

दवाखाना कुठला? निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं आणि आपली माणसं सवयीने तिकडे किंवा मिरजेला जातात, त्यात वावगं काही नाही. पण तुमच्याकडे बीपीएल कार्ड असेल तर कर्नाटकच्या आरोग्य योजनेत मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. म्हणून सुरुवात निपाणीच्या सरकारी दवाखान्यातून करा, तिथून गरज पडली तर बेळगावच्या सिव्हिलला. कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे तुम्हाला आणि आत्तींना बसचं तिकीटही पडत नाही. कन्नड नीट येत नसेल तर त्रास कधीपासून, ताप आला का, कुठल्या गोळ्या घेतल्या हे मराठीत कागदावर लिहून न्या, जुनी पाकिटंही न्या. वाचणारं कुणी ना कुणी तिथे भेटतंच.

सौंदत्तीला जरूर जा. त्याआधी कल्चर करून औषध पुरं करा. प्रवास आहे म्हणून पाणी तोडू नका. घोटघोट पीत राहा, आणि गाडी स्टँडवर थांबली की लागलेली असो वा नसो, उतरून जाऊन या. आत्तींसाठी मोठ्यांचे पॅड मेडिकलमध्ये मिळतात, दोन-चार बरोबर ठेवा, ओले झाले की लगेच बदला. डोंगरावर थंडी असते, मालकांना सर्दी झाली तर गाडीत कुणी दिलेली सर्दीची गोळी त्यांना घेऊ देऊ नका. वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये त्या गोळ्यांनी लघवी पार अडू शकते. ओटीपोट फुगलंय, कळ येतेय आणि थेंब उतरत नाही अशी वेळ आलीच तर पाणी पाजत बसायचं नाही, जवळच्या दवाखान्यात नेऊन नळी घालून घ्यायची.